वाजवून घेतलेला तवा

सोलापुरात तवा घ्यायचा तर शिवप्पाकडे, हे मंगळवार बाजारात येणाऱ्या बायकांना कुणी सांगावं लागत नसे. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, हलकी भांडी तेव्हा नुकतीच दुकानांतून चकाकायला लागली होती; पण भाकरीला ओतीव बिडाचाच तवा लागतो, यावर सगळ्या गावाचं एकमत होतं. माझं दोरखंडाचं दुकान शिवप्पाच्या दुकानाला लागूनच होतं. मधे नुसती फळ्यांची भिंत. त्यामुळे त्याचं गिऱ्हाईक, त्याच्या शिंका आणि त्याचे तवे मला दिवसभर ऐकू यायचे.

तवा विकायची त्याची एक रीत होती. तव्याच्या कानात डाव्या हाताचं बोट अडकवून तो तवा अधांतरी धरायचा आणि उजव्या हातातल्या जाड अंगठीने कडेला एक ठोका द्यायचा. चांगला तवा असा वाजायचा की समोरच्या तेलाच्या दुकानातला माणूस मान वर करायचा. मग शिवप्पा म्हणायचा, "घंटी!" एवढा एक शब्द. तो शब्द पडला की बाई तवा काखेत मारायची. आणि दुकानाचा नियम असा, की वाजवून घेतला तो तुमचा. पुढे तो चुलीवर फुटो, अंगणात फुटो, शिवप्पाकडे यायचं नाही.

आता बघा, तवा वाजवणारा तोच, ऐकणारा तोच, निवाडा करणाराही तोच. आणि वर "तुम्ही वाजवून घेतलात" हेही त्यानेच म्हणायचं! पण हे शहाणपण मला मागाहून सुचलं. तेव्हा आम्हा सगळ्यांना तो नियम अगदी रास्त वाटायचा. शिवप्पाच्या कानावर लोकांचा देवासारखा विश्वास होता, आणि देवाकडे माल परत न्यायची पद्धत आपल्यात नाही.

माणूस लबाड नव्हता, हे आधीच सांगतो. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, परक्या घरचं पाणीसुद्धा न पिणारा. मापात खोट नाही, बोलण्यात गोडवाही नाही. लबाड असता तर ही गोष्ट घडलीच नसती. लबाड माणूस रात्री घोरत पडतो.

झालं असं, की एका साली त्याने नव्या कारखान्याचा माल भरला. तवे दिसायला काळेभोर, गुळगुळीत. पण ओतताना आत हवा राहून काहींत भोकं पडली होती आणि कारखानदाराने ती मेण, काजळ आणि लोखंडाचा कीस कालवून बुजवली होती. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण ठोका दिला की तवा बद्द वाजायचा, मातीच्या फुटक्या घागरीसारखा. शिवप्पा तक्रार घेऊन गेला. कारखानदार म्हणाला, "बघून घेतलात ना?" शिवप्पा धुसफुसत परत आला आणि बद्द तवे त्याने मागच्या अंगाला पोत्यांआड टाकले. आपलाच नियम आपल्याच गालावर बसला, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

त्यातला एक तवा चुकून पुढच्या ढिगात गेला.

बाजारचा दिवस होता. दुकानापुढे बायकांची ही गर्दी. मुक्ताबाई आली. गिरणीत कामाला असलेल्या महिपतीची ही आई. नवरा गेल्यावर एकटीने पोराला वाढवलेली, त्यामुळे जिभेला धार. बरोबर नवी सून होती, सोजर, मंद्रूपची. पदर कपाळावर ओढलेला, नजर जमिनीवर. मुक्ताबाई म्हणाली, "शिवप्पाअण्णा, सुनेच्या हातचा पयला तवा हाय. लई चांगला द्या."

शिवप्पाने ढिगातून तवा उचलला, बोटात अडकवला आणि ठोका दिला. बद्द!

मी भिंतीपलीकडे सुतळी मोजत होतो. माझं लक्ष नव्हतं, बायकांचा गलका होता, त्यात तो आवाज बुडून गेला. पण शिवप्पाला ऐकू आला. आणि त्याच क्षणी सोजरची मान वर झाली. तिने सरळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं. नव्या सुनेने असं बघायचं नसतं, तरी पाहिलं.

"हा नको, दुसरा देतो," एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पुढे त्यानेच मला सांगितलं, की त्या एका श्वासात त्याच्या मनात एवढंच आलं: एक बद्द निघाला असं या बायकांनी ऐकलं, की सगळ्या ढिगाला नाव पडेल. आणि सवयीची जीभ बोलून गेली, "घंटी!"

मुक्ताबाईने तवा सुनेच्या डोक्यावर दिला आणि दोघी निघाल्या. शिवप्पा त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. हाक मारावी असं त्याला वाटलं होतं म्हणे. वाटण्याला काय लागतं!

पुढे बरेच दिवस काही घडलं नाही. म्हणून तोही विसरला, किंवा विसरल्यासारखं करू लागला. आणि एक दिवस मुक्ताबाई एकटीच आली. दुसरा तवा पाहिजे म्हणाली.

"पयल्याला काय झालं?" शिवप्पाने विचारलं. मला त्याचा आवाज बदललेला जाणवला, पण कारण कळलं नाही.

"फुटला की! भाकरी टाकली, वरनं पाण्याचा हात फिरवला, आन् ताडकन दोन तुकडं. तुमच्या तव्याला काय नाव ठिवायचं? तुमचा तवा म्हंजी घंटी. हातच वाईट त्या पोरीचा. तापल्या तव्यावर भसकन पाणी वतलं असंल. चुलीवरचा तवा फुटला की घर फुटतंय म्हणत्यात. दिली म्हायेरी धाडून."

शिवप्पाने ढीग उपसून सगळ्यात चांगला तवा काढला. दाम घेईना. मुक्ताबाई उलट रागावली. "फुकट कशापायी? तुमची काय चूक?" म्हणाली आणि पैसे टेकवून गेली. ते तिथंच पडून राहिले, त्याने हात लावला नाही.

त्या दिवसापासून या माणसाचं बिनसलं. तवा वाजवायचा, पुन्हा वाजवायचा, कानाशी नेऊन पुन्हा. गिऱ्हाईक कंटाळायचं. "घंटी" हा शब्द तर त्याच्या तोंडून जो गेला तो गेलाच. फार तर "बरा हाय" म्हणायचा. मी एकदा थट्टेने म्हणालो, "काय शिवप्पा, कान गेला काय?" तर असा अंगावर आला, की मी आपलं सुतळीत डोकं घातलं. घरी बायको नागव्वाने ताट वाढलं की भाकरीकडे बघत बसायचा. शेवटी तिनेच खोदून खोदून काढून घेतलं. तिने काही समजूत घातली नाही. "अय्यो शिवा! तवा गेला तर तवा मिळतोय. पोरीचं घर गेलं की," एवढंच म्हणाली. एक नवा तवा तिने तेल लावून, तापवून, भाकरीजोगा मुरवला आणि नवऱ्याच्या हातात दिला. म्हणाली, "घेऊन जावा."

सर्व्हिस मोटारीने तो मंद्रूपला गेला. सोजरचा बाप रानात गेलेला. आई, गोजरबाई, अंगणात होती आणि सोजर भिंतीला टेकून ज्वारी निवडत बसली होती. तिच्या एका पायाला चिंध्या गुंडाळलेल्या.

"पायाला काय झालं?" शिवप्पाने विचारलं.

उत्तर गोजरबाईने दिलं. "तव्याचं अर्दं चुलीवरनं घसारलं ते पायावर पडलं. तापलेलं बीड, कातडं घिऊनच उटलं. सासूनं तवा बगितला. पाय न्हाय बगितला. तसंच चालवत धाडली."

हे त्याला ठाऊक नव्हतं. तो तिथंच मातीत बसला. म्हणाला, "बाळ, तो तवा बद्द होता. मला कळलं होतं."

"मला बी," सोजर म्हणाली.

"मग बोलली का न्हाईस?"

"नव्या सुनंनं बाजारात बोलायचं व्हय, मामा? घरी जाऊन आत्यास्नी म्हणलं, तवा बद्द वाजला. तर म्हणल्या, शिवप्पापेक्षा तुला लई कळतंय!"

त्याने पोत्यातून तवा काढून तिच्यापुढे ठेवला. तिने हात लावला नाही. "ह्यो घिऊन सासरी गेले तर म्हणतील बापानं दिला. माज्या हाताचं नाव तसंच ऱ्हाईल."

"मी मुक्ताबाईच्या घरी जातो. सगळं सांगतो."

"एकल्यानं सांगितलं तर त्या म्हणतील, पोरीच्या बापानं गळ घालून धाडलाय. तुमी घंटी बाजारात म्हणला, सगळ्यास्नी ऐकू गेलं. बद्द बी तितंच म्हणा."

पोरगी अंगठाबहाद्दर, पण मागणं वकिलालाही सुचलं नसतं असं चोख. शिवप्पा तवा खांद्यावर टाकून परत आला. त्या रात्री त्याने मला हे सगळं सांगितलं आणि म्हणाला, "मंगळवारी बोलतो."

मंगळवार आला. तो तोंड उघडायचा आणि गिऱ्हाइकाला भाव सांगायचा. तो मंगळवार गेला, पुढचाही गेला. मला त्याचा संताप यायचा आणि कीवही यायची. आयुष्यभर एका कानावर पोट भरलेला माणूस. आता आपल्याच तोंडाने तो कान खोटा म्हणायचा, म्हणजे दुकानाला आपल्या हाताने कुलूप घालण्यासारखंच होतं. आणि नाही म्हणावं तर तिकडे एक पोरगी भाजलेला पाय घेऊन बसलेली. तो वाळत चालला होता. मला म्हणाला, "मी देवळात जातो, तर घंटासुद्धा मला बद्द ऐकू येते."

अशाच एका मंगळवारी पुन्हा मुक्ताबाई आली. काही घ्यायला नाही. दुकानाच्या पायरीशी उभी राहून हळूच म्हणाली, "अण्णा, तुमच्याकडं चार घरच्या बायका येत्यात. हातगुणाची चांगली आशी कुणाची पोरगी असली तर सांगा. म्हैपतीचं दुसरं करायचं म्हणते."

शिवप्पा उठला, मागे गेला, पोत्यांआडून एक तवा काढून पुढे आला. बोटात अडकवला आणि ठोका दिला. बद्द. पुन्हा दिला. बद्द. बायका बोलायच्या थांबल्या. समोरचा तेलवाला उठून बाहेर आला.

"ऐकलं सगळ्यांनी?" शिवप्पा ओरडला. त्याचा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. "ह्याला बद्द म्हणतात. मुक्ताबाई, तुमच्या सुनेचा तवा असाच वाजला होता. मला ऐकू आलं होतं. तरी मी घंटी म्हणालो. ढिगाला नाव पडेल म्हणून खोटं बोललो. पोरीनं पाणी ओतलं न्हाय, काय न्हाय. तवाच फुटका होता. हात तिचा वाईट न्हाय. माझी जीभ वाईट."

मग गर्दीतली एक म्हातारी पुढे झाली. "आरं मुडद्या, माजा बी तवा फुटला व्हता. मी थोरल्या सुनंला उपाशी ठिवली की त्या दिशी!" आणि मग काय, बांधच फुटला. एकीने जावेला बोल लावला होता, एकीने लेकीच्या पाठीत लाटणं घातलं होतं. प्रत्येक फुटक्या तव्यामागे कुणीतरी बाईमाणूसच धरलेलं. दुकानदाराला धरावं हे कुणाच्याच मनात आलं नव्हतं. त्या दिवशी आलं. दुपारपर्यंत दुकानापुढे फुटक्या तव्यांचा हा ढीग! त्यात शिवप्पाचे किती आणि परक्यांचे किती, देव जाणे. एका बाईने तर लोणच्याची फुटकी बरणी आणली. त्याने कुणाला नाही म्हटलं नाही. बरणीवालीलासुद्धा तवा दिला.

पुढचं आताच सांगून टाकतो. त्याचं दुकान काही बुडालं नाही, पण बरंच बसलं. "कानाला कीड लागली त्याच्या," असं लोक म्हणू लागले, आणि जे उठून गेले ते जर्मनवाल्याकडे गेले. उरलेल्या गिऱ्हाइकाला तो अंगठी काढून द्यायचा आणि तवा त्यांच्याच हाताने वाजवायला लावायचा. सून बरोबर असली तर सुनेला. फुटला तर परत आणा म्हणायचा, आणि कुणाच्या हातून फुटला हे विचारायचा नाही. मरेपर्यंत ही रीत त्याने सोडली नाही.

पण त्या दिवशी मी बघत होतो मुक्ताबाईकडे. मला वाटलं ही आता त्याची झिंज्या उपटणार. ती पायरीवर बसली होती. तिच्या तोंडाची धार कुठे गेली कुणास ठाऊक. "तवा तुमी बदलून द्याल," ती म्हणाली. "मी तिला काय काय बोलले, ते कुटं बदलून मिळतंय?" मग म्हणाली, "मंद्रूपला कोण नेईल मला?"

गाडी माझी होती. दुसऱ्या दिवशी पहाटेच मी बैल जुंपले. शिवप्पा न विचारता मागे येऊन बसला, मांडीवर पोत्यात गुंडाळलेला तोच नागव्वाने मुरवलेला तवा. विजापूरचा रस्ता, दोन्ही बाजूंना ज्वारीची उभी पिकं. ते दोघे गाडीत पाठीला पाठ लावून बसले होते. गाडीने सीना नदी ओलांडली. मग मुक्ताबाईने विचारलं, "पायाला काय लावलंय तिनं?"

"चिंध्या होत्या. आत काय ते न्हाय दिसलं."

"म्हंजी तुमी पाय बगितला?"

"व्हय."

"मी न्हाय बगितला," ती म्हणाली.

अंगणात गाडी थांबली. सोजर पाहुण्यांना पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. चिंध्या आता सुटल्या होत्या, पण ती पाय ओढतच चालत होती. मुक्ताबाईने तिच्या हातातला तांब्या घेतला, खाली बसली आणि लुगड्याचा काठ बाजूला करून तिचा पाय पाहिला. घोट्याखाली तळहाताएवढी जागा लालगुलाबी, गुळगुळीत, बाकीच्या कातड्याशी नातं नसलेली. मुक्ताबाई तिथंच मोठ्याने रडायला लागली. गोजरबाई दारात हाताची घडी घालून उभी. ती काही पाघळली नाही आणि मला तिचं चुकलं असं वाटलं नाही.

शिवप्पा अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "पोरी, बाजारात बोललो."

"कळलं मला. बाजार करून आलेले सांगत व्हते," सोजर म्हणाली. मग सासूला, "आत्या, उटा की. असं भुईवर बसू नका." माफ केलं असं ती म्हणाली नाही. विचारायचं धाडस दोघांतही नव्हतं. तिने शिवप्पाच्या हातातलं पोतं घेतलं, तवा बाहेर काढला, चुलीवर ठेवला आणि पीठ मळायला बसली. दुखरा पाय लांब करून बसली होती.

आम्हाला ओसरीवर बसवलं. पहिली भाकरी मुक्ताबाईला वाढली, दुसरी मला. तिसरी भाकरी आणि पिठलं घेऊन सोजर शिवप्पापुढे आली, तेव्हा गोजरबाई घाईने म्हणाली, "आगं, त्ये आपल्यात खात न्हाईत. त्येंच्यात चालत न्हाय."

"म्हाईत हाय," सोजर म्हणाली. पण ताट तिने मागे घेतलं नाही, त्याच्यापुढेच ठेवलं. "माज्या हाताला नाव पडलंय, मामा. खाऊन सांगा."

शिवप्पाने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं. हे काही मी त्याच्यासाठी ठरवण्यासारखं नव्हतं. त्याने गळ्यातल्या लिंगाला हात लावला, डोळे मिटले, आणि मग भाकरी मोडली. भाकरी चांगली फुगलेली होती, दोन्ही पापुद्रे सुटे. पहिला घास त्याने तोंडात घातला आणि तो घास तसाच तोंडात ठेवून तो पन्नाशीचा माणूस लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला.

सोजरने एकवार त्याच्याकडे पाहिलं, आणि ती चुलीपुढे जाऊन पुढची भाकरी थापायला बसली.